लॅन्सेट एमएमआर शोधनिबंध प्रकरण

लॅन्सेट एमएमआर शोधनिबंध प्रकरण हे वैद्यकीय संशोधनाच्या प्रकाशनातील गैरव्यवहाराचे बहुचर्चित उदाहरण आहे. ब्रिटिश डॉक्टर अँड्र्यू वेकफिल्ड आणि त्यांचे १२ सहलेखक यांचा शोधनिबंध फेब्रुवारी १९९८ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. गोवर, गालगुंड व रुबेला या तीन रोगांवरील एकत्रित लशीचा (एमएमआर) स्वमग्नतेशी संबंध असावा, अशी शंका त्यातून निर्माण झाली. निबंधातील महत्त्वाची विधाने असत्य असल्याचे आणि प्रमुख लेखकाचे आर्थिक हितसंबंध दडवले गेल्याचे पुढे उघड झाले. नियतकालिकाने तो २०१० मध्ये, म्हणजे बारा वर्षांनी, पूर्णपणे मागे घेतला.

शोधनिबंधाचे स्वरूप

लंडनमधील रॉयल फ्री रुग्णालयात तपासलेल्या १२ मुलांची माहिती या निबंधात होती. आतड्यांचे विकार आणि विकासातील अडथळे या मुलांमध्ये एकत्र आढळल्याचे त्यात म्हटले होते. त्यांपैकी आठ मुलांची लक्षणे लस दिल्यानंतर सुरू झाल्याचे पालकांचे किंवा डॉक्टरांचे म्हणणे नोंदवले होते.

निरोगी मुलांच्या गटाशी तुलना केलेली नसल्याने अशा नोंदींवरून कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही. ही लस साधारणपणे वयाच्या दुसऱ्या वर्षात दिली जाते आणि स्वमग्नतेची लक्षणेही बहुधा त्याच सुमारास लक्षात येऊ लागतात. त्यामुळे एकीनंतर दुसरी घटना घडल्याचे दिसणे हा केवळ योगायोग असू शकतो. संबंध सिद्ध झालेला नाही, असे निबंधातही नमूद होते. मात्र प्रकाशनाच्या वेळी झालेल्या पत्रकार परिषदेत वेकफिल्ड यांनी एकत्रित लशीऐवजी तिन्ही लशी वेगवेगळ्या देण्याची शिफारस केली आणि प्रसिद्धीमाध्यमांनी ती उचलून धरली.

दडवलेले हितसंबंध

‘द संडे टाइम्स’चे पत्रकार ब्रायन डीअर यांनी फेब्रुवारी २००४ मध्ये या प्रकरणाचा पहिला वृत्तान्त प्रसिद्ध केला. लस उत्पादकांविरुद्ध दावा लढवू पाहणाऱ्या वकिलाने वेकफिल्ड यांना निबंधापूर्वीच नेमले होते आणि निबंधातील काही मुले या दाव्याशी संबंधित होती. सार्वजनिक विधी साहाय्य निधीतून वेकफिल्ड यांना एकूण ४,३५,६४३ पौंड मानधन मिळाल्याचे पुढे स्पष्ट झाले. गोवराच्या स्वतंत्र लशीशी संबंधित पेटंटसाठीही त्यांनी १९९७ मध्येच अर्ज केला होता. यांपैकी कशाचाही उल्लेख निबंधात नव्हता. मार्च २००४ मध्ये १२ पैकी १० सहलेखकांनी लशीसंबंधीचा अन्वयार्थ मागे घेतला; मूळ निबंध मात्र कायम राहिला.

चौकशी आणि माघार

डॉक्टरांची नोंदणी व नियमन करणाऱ्या जनरल मेडिकल काउन्सिलने २००७ पासून सुनावणी घेतली. जानेवारी २०१० मधील निष्कर्षांनुसार, मुले रुग्णालयात नेहमीच्या क्रमाने आलेली नव्हती आणि संशोधनास नीतिशास्त्र समितीची मान्यता असल्याचा दावाही खरा नव्हता. मुलांवर अनावश्यक, त्रासदायक तपासण्या केल्याचा ठपका वेकफिल्ड यांच्यावर ठेवण्यात आला. मुलाच्या वाढदिवसाच्या समारंभात आलेल्या मुलांना पैसे देऊन त्यांचे रक्तनमुने घेतल्याचेही सिद्ध झाले. २ फेब्रुवारी २०१० रोजी लॅन्सेटने निबंध मागे घेतला आणि मे महिन्यात वेकफिल्ड यांचे नाव वैद्यकीय नोंदवहीतून काढले गेले. सहलेखक जॉन वॉकर-स्मिथ यांच्यावरील अशीच कारवाई उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये रद्द केली.

‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने २०११ मध्ये डीअर यांची लेखमाला प्रसिद्ध केली. मुलांच्या मूळ वैद्यकीय नोंदी व निबंध यांत तफावत असल्याचे तिने दाखवले. निबंधात सर्व मुले आधी निरोगी असल्याचे म्हटले होते. प्रत्यक्षात पाच मुलांच्या विकासाबाबत लशीपूर्वीच चिंता नोंदवलेली होती. संपादकांनी हा प्रकार फसवणूक असल्याचे स्पष्टपणे लिहिले.

परिणाम

इंग्लंडमध्ये दोन वर्षे वयापर्यंतच्या मुलांतील एमएमआर लसीकरण १९९० च्या दशकाच्या मध्यातील सुमारे ९२ टक्क्यांवरून २००३-०४ मध्ये ८० टक्क्यांपर्यंत घसरले. गोवराचा फैलाव रोखण्यासाठी हे प्रमाण सुमारे ९५ टक्के असावे लागते. २००६ मध्ये तीव्र गोवराने एका मुलाचा मृत्यू झाला. ब्रिटनमधील १९९२ नंतरचा हा पहिला मृत्यू होता. २००८ मध्ये इंग्लंड व वेल्समध्ये गोवर पुन्हा स्थानिक पातळीवर सतत पसरत असल्याचे जाहीर झाले. वेल्समधील स्वान्झी परिसरात २०१२-१३ च्या साथीत एक हजाराहून अधिक रुग्णांची नोंद झाली.

दरम्यान, लस आणि स्वमग्नता यांचा संबंध मोठ्या अभ्यासांतून तपासला गेला. डेन्मार्कमध्ये ५,३७,३०३ मुलांवर (२००२) आणि ६,५७,४६१ मुलांवर (२०१९) झालेल्या अभ्यासांत असा संबंध आढळला नाही.

प्रकाशन नीतीतील महत्त्व

तज्ज्ञ परीक्षणात सादर केलेला मजकूर तपासला जातो. परीक्षकांपुढे सहसा रुग्णांच्या मूळ नोंदी नसतात. त्यामुळे लेखकांचा प्रामाणिकपणा गृहीत धरला जातो. या प्रकरणातील विसंगतीही परीक्षणातून नव्हे, तर शोधपत्रकारिता आणि चौकशीतून उघड झाल्या. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने २००९ मध्ये हितसंबंध जाहीर करण्यासाठी समान प्रपत्र आणले. प्रकाशन नीती समितीनेही त्याच वर्षी शोधनिबंध मागे घेण्याविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. मूळ निबंध आजही लॅन्सेटच्या संकेतस्थळावर उपलब्ध आहे. तो मागे घेतल्याचा ठळक शिक्का त्यावर उमटवलेला आहे.