दुखणं आणि वेदना : गुडघ्याच्या नसा बंद करण्याविषयी

आजचा विषय गुडघेदुखीचा आहे. तो तत्त्वज्ञानाच्या माणसानं का घ्यावा, असं काहींच्या मनात आलं असेल. कुणी कोणता उपचार घ्यावा हे सांगणं आमचं काम नाही, ते तुमच्या डॉक्टरांचं. पण गेल्या दहा-पंधरा वर्षांत गुडघ्याच्या झिजेवर एक उपचार पुढे आला आहे, आणि त्यात गंमत अशी की झिजलेल्या सांध्याला हातच लावत नाहीत. सांध्याकडून वर निरोप नेणाऱ्या बारीक नसा तेवढ्या उष्णतेनं किंवा थंडीनं बंद करतात. हे ऐकलं की बहुतेक जण एकच गोष्ट बोलतात : "म्हणजे दुखणं राहिलंच की! फक्त कळेनासं झालं." या एका वाक्यात वेदनेविषयीचा सगळा सिद्धान्त दडलेला आहे. तो कितपत टिकतो, एवढंच आज पाहू.

आधी शब्दाकडे बघा. "मोठ्या दुखण्यातून उठला", "दुखणं अंगावर काढलं" असं आपण म्हणतो तेव्हा दुखणं म्हणजे आजार. आणि "कालपासून गुडघ्याचं दुखणं कमी आहे" म्हणतो तेव्हा दुखणं म्हणजे कळ, ठणका. रोग आणि त्याची जाणीव, दोन्हींना मराठीनं एकच शब्द दिला. 'वेदना' या शब्दाचं तसं नाही. तो 'विद्' धातूपासून आला, विद् म्हणजे जाणणे. जाणणारा कोणी नसेल तर हाड झिजेल, सूज येईल, पण वेदना होणार नाही. आपल्या नैयायिकांनी तर दुःख हा शरीराचा गुण मानलाच नाही, तो आत्म्याचा गुण, आणि मनाच्या द्वारे कळणारा. आत्मा मानायचा की नाही हा वाद बाजूला ठेवू. पण झीज एक आणि वेदना दुसरी, हा भेद आपल्याकडे जुना आहे.

आता हा भेद एक्स-रेवरच दिसतो. गुडघ्याच्या झिजेच्या पायऱ्या ठरवण्याची जी पद्धत आजही वापरतात ती केलग्रेन आणि लॉरेन्स यांनी १९५७ मध्ये मांडली. 'ग्रेड थ्री आहे', 'ग्रेड फोर आहे' असं जे आपण ऐकतो ते तिथून आलं. पुढे २००८ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून एक आढावा निघाला. त्यात असं दिसलं की ज्यांचा गुडघा दुखतो त्यांच्यापैकी एक्स-रेवर झीज किती जणांत सापडते, तर कुठे १५ टक्के, कुठे ७६ टक्के. उलट बाजूनं, ज्यांच्या एक्स-रेवर झीज आहे त्यांच्यापैकी किती जणांना दुखतं, तर १५ पासून ८१ टक्क्यांपर्यंत. काही माणसं ग्रेड फोरचा गुडघा घेऊन जिने चढतात आणि काहींना ग्रेड टू असून रात्रीची झोप नाही.

त्याचं एक कारण साधं आहे. जी कूर्चा झिजते म्हणून आपण इतकं बोलतो, तिच्यात नसा नसतातच. दुखतं ते तिच्या खालचं हाड, सांध्याचं आतलं अस्तर, बाहेरचं वेष्टण, वाटीखालची चरबीची गादी. अस्तराला सूज असेल किंवा हाडाच्या आत इजा असेल तर दुखण्याचा संबंध जास्त जुळतो. साध्या एक्स-रेवर यातलं फारसं काही दिसत नाही.

मग वेदना वर पोहोचते कशी? देकार्तचं एक चित्र प्रसिद्ध आहे, त्याच्या मृत्यूनंतर छापलेल्या पुस्तकातलं. मुलाचा पाय विस्तवाजवळ आहे, पायापासून मेंदूपर्यंत एक दोरी आहे, दोरी ओढली की वर घंटा वाजते. आजही बहुतेकांच्या डोक्यात वेदनेचं हेच चित्र असतं. पण खुद्द देकार्तनं १६४१ च्या 'मेडिटेशन्स'मध्ये लिहून ठेवलंय की हात किंवा पाय कापलेल्या माणसांना नसलेल्या अवयवात दुखतं. म्हणजे दोरीचं खालचं टोकच नाही, तरी घंटा वाजते. ही अडचण तीनशे वर्षं तशीच राहिली म्हणायला हरकत नाही. १९६५ मध्ये मेलझॅक आणि वॉल यांनी 'दाराची' कल्पना मांडली : पाठीच्या कण्यात एक दार आहे, खालून येणारा निरोप तिथे अडतो किंवा सोडला जातो, आणि ते दार वरून मेंदूही उघडतो-मिटतो. तपशिलात पुष्कळ बदल झाले, पण सरळ दोरीचं चित्र तेव्हापासून मोडलं ते मोडलंच.

हे सगळं मनात ठेवून उपचाराकडे या. गुडघ्याच्या सांध्याला बऱ्याच बारीक नसा जातात. (आपण 'नस' म्हणताना शीर, स्नायूबंध आणि मज्जातंतू तिन्हींना नस म्हणतो. इथे फक्त मज्जातंतू समजा.) त्यांतल्या साधारण तीन निवडतात : गुडघ्याच्या वर आतल्या बाजूची, वर बाहेरच्या बाजूची, आणि खाली आतल्या बाजूची. खाली बाहेरच्या बाजूलाही एक आहे, तिच्या वाटेला सहसा जात नाहीत. कारण तिथे जवळूनच पाऊल वर उचलणारी मोठी नस जाते, ती दुखावली तर पाऊल लुळं पडेल. निवडलेल्या तिन्ही हाडाला लागून ठरावीक जागी असतात, म्हणून एक्स-रे किंवा सोनोग्राफीत बघत सुई नेमकी तिथे नेता येते.

आधी चाचणी. त्या जागी फक्त बधिर करणारं औषध देतात आणि माणसाला चालायला, जिना चढायला सांगतात. काही तासांपुरतं का होईना, दुखणं निम्म्याहून कमी झालं तर पुढचं पाऊल. आम्हांला हा भाग फार आवडतो. इथे डॉक्टर फिल्म बघून ठरवत नाहीत, "आता कसं वाटतंय?" असं विचारून ठरवतात. अर्थात २०१८ च्या एका छोट्या चाचणीत या पूर्वपरीक्षेनं पुढच्या निकालात फरक पडला नाही असंही दिसलं. म्हणजे ती अचूक भविष्य सांगत नाही.

मग मुख्य काम. सुईच्या टोकातून रेडिओ लहरींच्या वारंवारतेचा विद्युतप्रवाह सोडतात, आणि मिनिट-दीड मिनिट ऐंशी अंशांच्या आसपास उष्णता होते. त्याआधी हलका प्रवाह देऊन पायाचा स्नायू उडत नाही ना हे बघतात. उडला तर सुई चुकीच्या नसेजवळ आहे. याचाच एक प्रकार 'कूल्ड' नावाचा. नावावरून थंड वाटतो, पण जाळणाराच आहे. टोकातून पाणी खेळवून ते साठ अंशांवर ठेवतात, म्हणजे लगतचा भाग करपत नाही आणि उष्णता दूरवर पसरते. खरा थंडीचा उपचार वेगळा : गुडघ्याच्या पुढच्या बाजूला कातडीखालून जाणारी नस गोठवायची. त्यात नसेचं वेष्टण शाबूत राहतं आणि आतला तंतू पुन्हा वाढतो.

पुन्हा वाढणं हे उष्णतेच्या उपचारातही होतं. म्हणून सहा महिने, वर्षभर, क्वचित त्याहून जास्त बरं वाटतं, मग दुखणं परतू शकतं. गरज पडली तर उपचार पुन्हा करता येतो.

गुण किती येतो? २०११ मध्ये कोरियात ३८ वयस्क रुग्णांवर चाचणी झाली. निम्म्यांना खरा उपचार, निम्म्यांना सगळं तसंच पण उष्णता नाही. तीन महिन्यांनी खऱ्या उपचाराच्या गटात ५९ टक्क्यांचं दुखणं निम्मं किंवा त्याहून कमी झालं होतं, दुसऱ्या गटात एकाचंही नाही. अमेरिकेत २०१८ मध्ये १५१ जणांची चाचणी छापून आली, कूल्ड प्रकार विरुद्ध सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन. सहा महिन्यांनी ७४ टक्के विरुद्ध १६ टक्के. आकडा डोळ्यांत भरतो, पण जरा थांबा. दुसऱ्या चाचणीत कोणाला काय मिळालं हे रुग्णांना ठाऊक होतं, आणि स्टेरॉइडचा गुण सहा महिने टिकत नाही हे सर्वांनाच ठाऊक आहे. शर्यतीत लंगडा घोडा शेजारी उभा केला की आपला घोडा चांगलाच पळतो.

ही शंका उगीच नाही. २००२ मध्ये ह्यूस्टनला १८० रुग्णांवर दुर्बिणीतून गुडघा साफ करण्याच्या शस्त्रक्रियेची चाचणी झाली. काहींना नुसते कातडीवर छेद दिले, आत काहीच केलं नाही. दोन वर्षांनी सगळे सारखेच. खोट्या शस्त्रक्रियेनं बरं वाटलं ते वाटणं खोटं नव्हतं, वेदना खरोखर कमी झाली होती. पण म्हणून दुर्बिणीचे पैसे देण्याचं कारण उरत नाही. नसांच्या उपचारात कोरियातल्यासारखी तुलना झाली आणि फरक उरला, म्हणून आम्ही तो गंभीरपणे घेतो.

आता "फक्त कळेनासं झालं" या आक्षेपाकडे परत येऊ, कारण त्यात दम आहे. १८६८ मध्ये शार्को या फ्रेंच वैद्यानं दाखवलं की मज्जारज्जूच्या एका आजारात संवेदना गेलेले सांधे पार चुरा होतात. आपल्याकडे वेल्लोरला १९४६ मध्ये पॉल ब्रँड आले. कुष्ठरोग्यांची बोटं 'सडून' झडतात हा समज त्यांनी मोडला. बोटं जायची ती न कळलेल्या जखमांनी, चटक्यांनी, रोजच्या घासण्यानं. पुढे अमेरिकेत त्यांनी अशा रुग्णांसाठी कृत्रिम वेदनेचं यंत्र करून पाहिलं. दाब वाढला की आवाज, दिवा, शेवटी विजेचा झटका. माणसं काय करायची? काम अर्धवट असलं की यंत्र बंद करायची! ते यंत्र खबर देत होतं, पण खबर म्हणजे वेदना नाही. वेदना तुम्हांला थांबवते.

याचा दाखला गुडघ्यातही मिळाला. टॅनेझुमॅब नावाचं औषध वेदनेला तीव्र करणाऱ्या एका द्रव्याला शरीरभर अडवतं. २०१० मध्ये त्याचे आकडे छापले गेले, गुडघेदुखी सरासरी ४५ ते ६२ टक्के कमी, नुसत्या पाण्यासारख्या इंजेक्शनानं २२ टक्के. सगळे हरखले. त्याच वर्षी काही रुग्णांचे सांधे भराभर खराब होऊन बदलावे लागतायत असं दिसलं आणि अमेरिकेत चाचण्या थांबवल्या गेल्या. वेदनाशामक गोळ्या सोबत घेणाऱ्यांना धोका जास्त. चाचण्या पुढे पुन्हा सुरू झाल्या, पण २०२१ मध्ये औषधाचा नाद सोडावा लागला.

मग दोन-तीन नसा जाळणं वेगळं कसं? इथे औषध सर्व शरीरात फिरत नाही, काही फांद्यांपुरतंच काम होतं. सांध्याच्या बाकीच्या नसा, मांडीच्या स्नायूंची जाण, पाय कुठे टेकतोय याचं भान हे बहुतांशी शाबूत राहतं. आणि दुखणं सहसा पूर्ण जात नाही, निम्मं होतं. लोक हा उपचाराचा उणेपणा मानतात. आम्हांला ते त्याचं कवच वाटतं. निम्मी वेदना उरली म्हणजे थांबवणारा कोणीतरी जागा आहे. म्हणून उपचारानंतर लगेच गव्हाची पोती उचलायची नसतात. दुखणं कमी असतानाच्या महिन्यांत मांडीचे स्नायू बळकट करायचे, वजन जमेल तेवढं उतरवायचं. हे केलं नाही तर आक्षेप घेणारे बरोबर ठरतील.

दुसरी मर्यादा दोरीच्या वरच्या टोकाची. १९८३ मध्ये क्लिफर्ड वुल्फ यांनी दाखवलं की सतत मारा झाला की मज्जारज्जूच जास्त हळवा होतो, हलका स्पर्शही कळ बनतो. काही जणांचं गुडघ्याचं दुखणं वर-खाली पसरतं, दुसऱ्या पायात जातं, झोप मोडते. अशांना गुडघ्याजवळची नस बंद करून गुण कमी येण्याची शक्यता. त्यांच्यासाठी ड्युलॉक्सेटिनसारखं मुळात नैराश्यावरचं औषध देतात, अमेरिकेत २०१० पासून त्याला अशा दुखण्यासाठी मान्यता आहे. आणि इथेच घोटाळा होतो. चिठ्ठीवर ते नाव वाचून घरचे म्हणतात, "म्हणजे आजींचं सगळं मनातच होतं तर!" नाही हो. औषध मज्जारज्जूतल्या त्या दारावर काम करतं. वेदनेच्या जागतिक संघटनेनं २०२० मध्ये आपली व्याख्या सुधारली, त्यात हेच आहे की नसांतला संदेश आणि वेदना या दोन गोष्टी, आणि माणूस दुखतं म्हणाला तर त्याच्या सांगण्याचा मान राखायचा. घरात आजींचा मान राखायला व्याख्येची गरज पडू नये, पण पडते.

ईश्वरकृष्णानं सांख्यकारिकेच्या आरंभीच दुःखावरचे दृश्य उपाय बाजूला सारले, कारण ते एकान्त नाहीत आणि अत्यन्त नाहीत, म्हणजे खात्रीचे नाहीत आणि कायमचे नाहीत. नसांचा हा उपचार दोन्ही कसोट्यांवर नापास होतो. मोक्षासाठी ती कसोटी योग्यच. पण हृदयाच्या त्रासामुळे ज्याला भूल देता येत नाही, किंवा ज्याचा सांधा बदलूनही दुखतंच आहे (अशांचं प्रमाण साधारण पाचात एक आहे, थोडं नाही), त्याला आठ महिने स्वतःच्या पायांनी भाजी आणता आली, तर ईश्वरकृष्णाचा आक्षेप आम्ही तिथे लावणार नाही.

एक चिठ्ठी आली आहे : हे करून घेतलं तर पुढे गुडघा बदलता येतो का? येतो, वाट बंद होत नाही. पण शस्त्रक्रियेआधी नसा जाळून घेतल्या तर नंतरचं दुखणं कमी होईल, या आशेनं हा उपचार करू नका. २०१९ मध्ये तेवढ्यासाठीच एक चाचणी झाली, आणि त्यात काही फायदा दिसला नाही.