सांगलीकर आणि त्याची कृष्णामाई

आपल्या गांवाचें कौतुक कोणास नसतें? परंतु सांगलीकराच्या कौतुकास थोडी धाकाची किनार आहे. पाहुणा आला कीं तो त्यास प्रथम गणपतीच्या देवळांत नेतो, आणि मग भडंगाचा पुडा घेऊन आयर्विन पुलावर. देवळांत तो हात जोडतो. पुलावर त्याची नजर नकळत पाण्याची उंची दाखविणाऱ्या खुणांकडे जाते.

या गांवाचें वैभव फार प्राचीन नाहीं. १८०१ सालीं चिंतामणराव पटवर्धन मिरजेहून वेगळे निघाले व त्यांनीं सांगली ही आपली राजधानी केली. कृष्णाकांठचें गणपतीचें मंदिर त्यांनींच उभारलें. त्यांच्याच आश्रयाखालीं १८४३ मध्यें विष्णुदास भावे यांनीं ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणलें. ‘शारदा’ नाटकाचे कर्ते देवल हेहि शेजारच्याच हरिपूरचे.

हरिपुरास वारणा कृष्णेला मिळते. तेथील घट्ट जमिनींत खोल पेवें खणून हळद सांठविण्याची जुनी रीत आहे. पेवाचें तोंड बंद केलें कीं आंत हवा खेळत नाहीं. त्यामुळें किडीस वाव मिळत नाहीं व हळद वर्षानुवर्षें टिकते. पेव उघडल्यावर मात्र तें बराच वेळ मोकळें ठेवावें लागतें, नाहीं तर आंत उतरणारा गुदमरावयाचा. सांगलीच्या हळदीच्या पेठेस या पेवांचा मोठाच आधार होता. २००५ च्या महापुरांत त्यांपैकीं कित्येकांत पाणी शिरलें.

असें कां घडतें? कऱ्हाडास कोयनेचें पाणी घेऊन कृष्णा आधींच फुगून येते. हरिपुरास वारणा आणि पुढें नरसोबाच्या वाडीस पंचगंगा तिला मिळते. या टापूंत नदीला उतार थोडा, वळणें फार. पंचगंगा भरली कीं कृष्णेचें पाणी तुंबून मागें चढतें. पुलापाशीं ४० फूट ही इशाऱ्याची व ४५ फूट ही धोक्याची पातळी. २०१९ च्या ऑगस्टांत पाणी ५७ फुटांवर गेलें आणि पेठा बुडाल्या. नदीच्या पसरण्याच्या जागेंत घरें बांधलीं तर पाणी त्यांत येणारच, हें सांगलीकर जाणतो. तरीहि तीं बांधलीं गेलीं आहेत.

पाणी ओसरलें कीं बायका कृष्णामाईची ओटी भरावयास घाटावर जातात. नोकरीनिमित्त मुंबईस राहणारा मुलगा पावसाळ्यांत घरीं फोन करतो, तेव्हां प्रकृतीची चौकशी करण्याआधीं विचारतो, “पुलापाशीं पाणी किती?” आई फुटांत उत्तर देते, आणि मग दोघेंहि घरचें बोलूं लागतात.