दोन भिंती, एक खिडकी

खाली दगडाची जाड भिंत, तिच्यावर विटांची पातळ. अशी थरांची भिंत 'रेव्हिट' या संगणकीय आराखडा-प्रणालीत एकसंध रेखाटता येते. परंतु दोन्ही थरांना व्यापणारी खिडकी बसविली की ती कधीकधी भिंतीबाहेर डोकावते. दोष खिडकीचा नसतो. प्रणाली एकाच थराला तिचा मुख्य आधार मानते व त्यावरून तिचे स्थान ठरविते. अशा वेळी खिडकी निवडून 'पिक प्रायमरी होस्ट' ही आज्ञा द्यावी आणि टॅबची कळ दाबून हवा तो थर उजळताच निवडावा. भिंती स्वतंत्र काढल्या असल्यास 'जॉइन जॉमेट्री'ने जोडाव्यात. म्हणजे खिडकीची पोकळी दोहोंतून आरपार पडते. कागदावर राहिलेली चूक पुढे गवंड्याला भिंत फोडूनच सुधारावी लागते.