फादरांना प्रश्न विचारणं पाप नाही

"फादरले उलटून बोलू नये, पाप लागते." अमरावती-अकोल्याच्या कॅथलिक घरांत हे वाक्य किती वेळा ऐकावं! रविवारची मिस्सा संपली की आवारात कुजबुज सुरू होते: जत्रेचा खर्च किती झाला, शाळेतले प्रवेश कोणाला मिळाले, प्रवचनात कोणाला टोमणा होता. फादर बाहेर आले की सगळे चिडीचूप. या गप्प बसण्यालाच आपण आज्ञापालन म्हणत आलो आहोत.

गैरसमज: धर्माधिकाऱ्यांची चूक दाखवणं म्हणजे आज्ञाभंग.

वस्तुस्थिती: ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या नियमसंहितेतलं कलम २१२ पूर्ण वाचा. पहिल्या पोटकलमात आज्ञापालन सांगितलं आहे आणि आपले लोक तिथेच थांबतात. तिसरं पोटकलम सांगतं की ख्रिस्तसभेच्या हिताविषयी आपलं मत धर्माधिकाऱ्यांपुढे मांडणं हा श्रद्धावंतांचा हक्क आहे, आणि प्रसंगी ते त्यांचं कर्तव्यही ठरतं. ते मत इतर श्रद्धावंतांनाही सांगता येतं. मात्र विषयाची जाण हवी, श्रद्धा आणि नीतीला धक्का नको, धर्माधिकाऱ्यांविषयी आदर हवा, सर्वांचं हित आणि माणसांची प्रतिष्ठा जपलेली हवी. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६४ सालीच 'लुमेन जेन्सियुम'च्या ३७व्या परिच्छेदात हे मांडलं होतं.

यावर हमखास उत्तर येतं, परमेश्वराच्या अभिषिक्ताला हात लावायचा नसतो. हा दाखला देणाऱ्यांनी शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचा २४वा अध्याय शेवटपर्यंत वाचावा. गुहेत शौल राजा दावीदाच्या तावडीत सापडतो. दावीद त्याच्या झग्याचा काठ तेवढा कापतो, अंगाला हात लावत नाही. पण मग गुहेबाहेर येतो, जमिनीपर्यंत लवून नमस्कार करतो आणि राजाला त्याचा अन्याय तोंडावर सांगतो. हात आवरला, जीभ आवरली नाही. हा अर्धा भाग आपल्याला कुणी का सांगत नाही?

अंत्युखियात पौलाने पेत्राला सर्वांसमोर चूक दाखवली, हे गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे. त्याच प्रसंगाच्या आधारे तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी लिहिलं की श्रद्धेलाच धोका असेल तर वरिष्ठांना उघडपणेही सुधारावं. एरवी एकांतात आणि नम्रपणे. सिएनाची संत कॅथरिन ना धर्मगुरू होती ना बिशप. तरी तिने अविन्योंत राहणाऱ्या पोप अकरावे ग्रेगरी यांना पत्रांतून रोमला परतायला खडसावून सांगितलं. १९७० साली ख्रिस्तसभेने तिला धर्मपंडिताचा मान दिला.

आदराची अट मोडली की काय होतं, हेही महाराष्ट्राने पाहिलं आहे. १८५३ मध्ये चर्चवरचा अधिकार गोव्याकडच्या पाद्रोआदोचा (पोर्तुगीज राजाश्रयाचा) की रोमच्या प्रोपगंडाचा (धर्मप्रसार मंडळाचा), या वादात मुंबईतले बिशप हार्टमन माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये वेढ्यात अडकले. वेढा घालणं म्हणजे सुधारणा करणं नव्हे.

आता इतर गैरसमज.

'पोप चुकूच शकत नाहीत.' १८७० च्या व्याख्येनुसार अचूकता फक्त श्रद्धा-नीतीवरच्या अंतिम, सर्व ख्रिस्तसभेसाठीच्या घोषणेला लागू होते. १९५० ची मरियेच्या स्वर्गोन्नयनाची घोषणा तशी होती. सभागृहाच्या ठेक्याला अचूकता लागू नाही.

'हिशेब मागणं उद्धटपणा.' नियमसंहितेच्या कलम ५३७ प्रमाणे प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती हवीच, आणि दानाचा हिशेब श्रद्धावंतांना द्यावा असं कलम १२८७ सांगतं.

'ही प्रोटेस्टंटांची रीत.' अक्वायनस लूथरच्या अडीचशे वर्षं आधी होऊन गेले.

'घरातली गोष्ट घरातच मिटवावी.' मुलावर लैंगिक अत्याचार झाला असेल तर अजिबात नाही. पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे.

१९५५ साली स्थापन झालेल्या अमरावती धर्मप्रांतात वाचता-लिहिता येणाऱ्या श्रद्धावंतांची वाण नाही. तेव्हा व्हॉट्सअॅपवर टोमणे मारण्याऐवजी तारीख घालून, सही करून पत्र लिहा: काय घडलं, काय हवं आहे. आधी फादरांना द्या, उत्तर नाही आलं तर बिशपांना. बिशपांच्या लेखी निर्णयाविरुद्ध रोमकडे दाद मागण्याची वाटही संहितेतच आहे. पत्राची एक प्रत मात्र स्वतःकडे ठेवा.