खिडकीतली कोथिंबीर आडवी का पडते? उत्तर उजेडात आहे आणि अंधारातही

धणे रगडून कुंडीत पेरले, दहा-बारा दिवसांत कोंब आले, इन्स्टावर स्टोरीही टाकून झाली. मग मात्र दोऱ्यासारख्या बारीक काड्या, टोकाला फिकट पानं आणि एका सकाळी सगळी कोथिंबीर आडवी!

पाणी कमी पडलं असेल म्हणून आपण आणखी पाणी ओततो. पण बऱ्याचदा दोष पाण्याचा नसतो, उजेडाचा असतो.

रोप भराभर उंच होतंय, मग चांगलंच ना?

नाही. मातीखाली, अंधारात रुजलेल्या कोंबाचं पहिलं काम असतं उजेड गाठणं. त्यासाठी तो साठवलेली ताकद देठ लांबवण्यात घालतो. मोठी पानं, हिरवा रंग हे सगळं नंतर. कुंडी कमी उजेडात राहिली, तर रोप पुढेही उजेड शोधत लांबतच जातं.

खिडकीकडे झुकणं त्यातलंच. ऑक्सिन नावाचं संप्रेरक सावलीच्या बाजूला जास्त जमतं. ती बाजू जास्त लांबते आणि देठ उजेडाकडे वळतो.

पण घरात तर भरपूर उजेड आहे!

इथे आपले डोळे फसवतात. दुपारच्या थेट उन्हात सुमारे १ लाख लक्स इतका प्रकाश असतो. ट्यूबलाइटच्या खोलीत तो जेमतेम काहीशे लक्स असतो. आपल्याला पेपर वाचता येतो, पण रोपाचं पोट भरत नाही.

मग रात्रभर लाइट चालू ठेवायची का?

तीच चूक करू नका. अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या गार्नर आणि अ‍ॅलार्ड यांनी १९२० मध्ये दाखवलं की, अनेक झाडांचं फुलणं दिवसाच्या लांबीवर ठरतं. १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर यांच्या प्रयोगांतून कळलं की, झाड खरं तर रात्र मोजतं. मध्येच थोडा वेळ दिवा लागला, तरी हिशोब बिघडतो. ही मोजणी पानांमधल्या फायटोक्रोम या रंगद्रव्यामुळे होते.

शेवंतीला फुलण्यासाठी लांब रात्र लागते. म्हणून फुलं उशिरा हवी असली की शेतकरी रात्री शेतात बल्ब लावतात.

कोथिंबीर आणि शेपूचं उलट आहे. रात्र लहान झाली की त्या लवकर फुलावर येतात. मुंबईत डिसेंबरमध्ये दिवस सुमारे ११ तासांचा, तर जूनमध्ये सव्वातेरा तासांचा असतो. त्यात उन्हाळ्याची उष्णता. मग तुरा येतो, नवी पानं बारीक होतात आणि चव बदलते.

म्हणजे बाल्कनीतली रात्रभरची लाइट रोपाला अन्न बनवायला अपुरी असते, पण त्याची रात्र मोडायला पुरेशी ठरू शकते.

मग करायचं काय?

- कुंडीला रोज किमान चार-पाच तास ऊन मिळू द्या. उन्हाळ्यात सकाळचं ऊन आणि दुपारी सावली.
- दोन-तीन दिवसांनी कुंडी फिरवा, म्हणजे रोप एका बाजूला झुकणार नाही.
- रात्री बाल्कनीतली लाइट बंद करा.
- पेरणीसाठी ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ सोयीचा.
- पुदिना आणि तुळशीचे तुरे खुडत राहा, पानं येत राहतील.

आणि एवढं करूनही कोथिंबीर फुललीच, तर उपटू नका. थोडं थांबा, पुढच्या पेरणीचे धणे घरचेच मिळतील.