करार झाला, पण विचारले कोणाला?

गेल्या पावसाळ्याच्या आधी आम्ही चार दिवस गावी, आगरदांड्याला होतो. संध्याकाळी जेट्टीवर दिघीच्या फेरीबोटीची वाट पाहत बसलो असता गावातली चार-पाच मुले जवळ येऊन बसली. कोणी आय.टी.आय. केलेला, कोणी ट्रकवर क्लीनर, एक जण नुकताच जहाजावरून उतरलेला. त्यांचा प्रश्न सरळ होता. "चाचा, बंदराच्या कामावर असलेल्यांनी युनियन काढली तर कंपनीला तिच्याशी बोलावेच लागेल का? आणि त्यात आम्हा गाववाल्यांना काही बोलता येईल का?"

खरे तर प्रश्न चुकीच्या माणसाला विचारला होता. आमचा धंदा कापडाचा. मजुरीच्या बोलणीत आमची खुर्ची नेहमी पैसे देणाऱ्याच्या बाजूला असते. परंतु समोर बसलेला माणूस नेमका कोणाच्या वतीने बोलतो आहे, हे कळण्याची गरज देणाऱ्यालाच अधिक असते. ते न कळल्यामुळे एवढा मोठा गिरणी उद्योग कसा बसला, हे कापडवाल्यांनी जवळून पाहिले आहे. म्हणून उत्तर द्यायला बसलो.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईचा गिरणी संप सुरू झाला, तेव्हा आम्ही उर्दू शाळेत सहावी-सातवीत होतो. ईद नाही, शिमगा नाही, गणपती नाहीत, तरी मुंबईची माणसे ट्रंका घेऊन गावोगावी परत येत होती. सुरुवातीला मुलांना मौज वाटली. नंतर वाण्याच्या उधारीच्या वहीची पाने भरत गेली आणि मौज संपली. अडीच लाखांच्या आसपास कामगार आणि साठेक गिरण्या, एवढा तो पसारा होता. संप मागे घेतल्याची घोषणा शेवटपर्यंत कोणी केली नाही. तो नुसता विरत गेला.

त्याचे मूळ पगाराइतकेच प्रतिनिधित्वात होते. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याप्रमाणे एका स्थानिक क्षेत्रात, एका उद्योगासाठी एकच 'प्रातिनिधिक युनियन' असते. मुंबईच्या कापड गिरण्यांसाठी ती होती राष्ट्रीय मिल मजदूर संघ. तिने केलेला करार सर्व गिरण्यांतील सर्व कामगारांना बंधनकारक, मग तो कामगार तिचा सभासद असो वा नसो. एखाद्या गिरणीतल्या झाडून सगळ्या कामगारांना दुसरी युनियन हवी असली, तरी त्या एका गिरणीच्या मताला कायद्यात किंमत नव्हती. सभासदसंख्या मोजायची ती वर्गणीच्या नोंदींवरून. गुप्त मतदान नाही.

१९८१ च्या दिवाळीत बोनसवरून ठिणगी पडली. संघाने मान्य केलेला बोनस कामगारांना मान्य नव्हता. स्टँडर्ड मिलचे कामगार घाटकोपरला डॉ. दत्ता सामंत यांच्या घरी जाऊन बसले. आमचे नेतृत्व करा म्हणाले. सामंतांनी त्यांना नेले नव्हते, त्यांनी सामंतांना ओढून आणले होते. ही गोष्ट आजही पुष्कळांना उलटीच माहीत असते. पुढे संप पेटल्यावर सरकार आणि मालक दोघांचेही म्हणणे एकच राहिले, की बोलणी होतील ती कायद्याने मान्य युनियनशी. म्हणजे ज्याच्याशी बोलायची मुभा होती त्याच्यामागे कामगार नव्हते, आणि ज्याच्यामागे कामगार होते त्याच्याशी बोलायची मुभा नव्हती. हा कायदा रद्द करा, ही संपाची एक मागणीच होती.

आणि एक गोष्ट आमच्या धंद्याची म्हणून सांगतो. संपात बाजारातला माल थांबला नाही. आम्ही दुकानात बसू लागलो त्या वेळी जुने व्यापारी हे उघड बोलत. भिवंडीच्या यंत्रमागांवरून कोरे कापड येत राहिले, आणि त्यातले काही गिरण्यांचाच शिक्का घेऊन विकले गेले. ज्याच्या गोदामात माल येतो आहे त्याला बोलणीची घाई नसते. एखाद्या गिरणीच्या मालकाला आपल्याच कामगारांशी वेगळे बोलून गिरणी चालू करावी असे वाटले असते, तरी करार शहरभराचा होता.

पूर्वी असे नव्हते. एप्रिल ते ऑक्टोबर १९२८ च्या संपात उभ्या राहिलेल्या गिरणी कामगार युनियनने गिरणीगणिक समित्या नेमल्या होत्या. तिचे अध्यक्ष अर्जुन आत्माराम आळवे हे स्वतः गिरणी कामगार. वर डांग्यांसारखे पुढारी होते खरे, पण तडजोडीची बातमी खात्यापर्यंत आणि खात्याची कुरकुर वरपर्यंत नेणारी माणसे साच्यावर उभी राहणारीच होती. वर्ष संपेतो सभासद पन्नास हजारांच्या वर गेले.

आता आमच्या स्वतःच्या अनुभवाचे. मुंबईच्या कापड बाजारात गाठी उचलणारे हमाल १९६९ च्या माथाडी कायद्याखाली येतात. या कायद्यामागे अण्णासाहेब पाटील यांची चळवळ होती. कायद्याने मंडळ असते. त्यावर कामगार आणि मालक यांचे सारख्या संख्येने प्रतिनिधी, शिवाय सरकारचे. आम्ही मजुरी व तिच्यावरची लेव्ही मंडळात भरायची, मंडळाने ती कामगाराला द्यायची. लेव्हीतून त्याचा भविष्य निर्वाह निधी, बोनस, पगारी रजा वगैरे चालते. गाठीमागे दर व्यापारी संघटना आणि युनियन यांच्यात ठरतो. परंतु तिसऱ्या मजल्यावरचे गोदाम, अंधारा जिना, रात्रीची गाडी, असल्या बाबी कागदात मावत नाहीत. त्या दुकान आणि टोळी यांच्यात ठरतात. आमच्या मते खरी सामुदायिक वाटाघाट तिथे पाहायला मिळते.

आम्ही नवे होतो तेव्हाची गोष्ट. जिन्याचा जादा दर आम्ही मुकादमाशी चहावर ठरवला आणि हात मिळवला. पाच मिनिटांचे काम. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक आला, गाठी रस्त्यावर उतरल्या आणि टोळी कट्ट्यावर बसून राहिली. मुकादमाने कोणाला विचारलेच नव्हते. टोळीची कमाई एकत्र होऊन सर्वांत सारखी वाटली जाते, त्यामुळे एकाने घातलेला दर बाराही जणांच्या खिशाला लागतो. जुलै महिना होता. अकराच्या सुमारास पाऊस आला. ताडपत्री आणेपर्यंत सात गाठी भिजल्या आणि ईदचा माल डागी म्हणून विकावा लागला. मुकादमावर राग काढला तो काढलाच, पण चूक निम्मी आमची होती. घाई आम्हाला होती.

त्यानंतर कोणताही दर ठरवताना मुकादम म्हणाला, "शेट, टोळीला विचारून परवा सांगतो," तर आम्ही बरे म्हणतो. परवा येईतो कधी चार आणे जास्त द्यावे लागतात. पण ठरलेले वर्षभर टिकते. उर्दूत 'क़रार' म्हणजे कबुली, तसाच मनाला लाभलेला निवांतपणाही. शाळेत हे दोन अर्थ पाठ केले होते. ते एकाच शब्दात का बसतात, ते जिन्याखाली कळले.

जहाजावरून आलेला मुलगा मध्येच म्हणाला, की आमचा पगार तर आम्हाला न विचारताच ठरतो. त्याचे म्हणणे अगदी खोटे नाही. भारतीय खलाशांचा पगार नॅशनल मेरिटाइम बोर्डावर जहाजमालकांची संघटना आणि 'नुसी'सारख्या युनियन्स यांच्यात ठरतो. खलाशाचे किमान वेतन तर आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या जिनिव्हातील समितीपर्यंत जाते. माणूस समुद्रावर, टेबल हजारो मैल दूर. तरी मिळणारा पैसा बरा असल्याने कोणी फारसे विचारत नाही. आम्ही त्याला एवढेच विचारले, की तुझ्या युनियनच्या सभेला तू कधी गेलास? तो हसला.

आता गाववाल्यांचे. राजपुरी खाडीच्या दोन्ही काठांवर, आगरदांडा आणि दिघी, बंदराचा पसारा आहे. २०२१ साली दिघी पोर्ट अदानी समूहाकडे गेले. बंदर म्हटले की स्थानिकांना काम द्या ही मागणी आलीच. पण 'स्थानिक' आणि 'सभासद' हे दोन वेगळे हक्कदार आहेत, त्यांची गल्लत करू नये. जमीन जाते तेव्हा गाव बोलतो. आपल्याच रायगड जिल्ह्यात, न्हावा-शेवा आणि नवी मुंबईच्या वेळी, दि. बा. पाटील यांच्या पुढारपणाखाली शेतकरी-आगरी-कोळी उभे राहिले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ च्या गोळीबारात पाच माणसे गेली, तेव्हा कुठे साडेबारा टक्के विकसित जमिनीची गोष्ट पुढे आली. तो सौदा गावाचा होता. पण एकदा माणूस कामावर लागला, की पगाराच्या टेबलावर त्याचा रहिवासी दाखला चालत नाही.

तिथे चालते ते हजेरीपट. २०२० ची औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. अनेक युनियन्स असतील, तर आस्थापनेच्या मस्टरवरील किमान ५१ टक्के कामगार जिच्यामागे आहेत ती एकटी वाटाघाट करणारी युनियन. तसे कोणाकडेच नसेल तर निदान २० टक्के पाठिंबा असलेल्या युनियन्सची मिळून परिषद. म्हणजे मोजणी आता एकेका आस्थापनेची. सभासदाने पुढाऱ्याला प्रश्न विचारायचे ठरवले तर पूर्वीपेक्षा वाव जास्त आहे. न विचारायचे ठरवले तर ५१ टक्के सह्या एका दुपारीही गोळा होतात.

मुले एकमेकांकडे पाहू लागली. एकाने मोबाईलमध्ये नावे लिहून आणली होती, तेवीस जण. आम्ही विचारले, यातले किती जण कंपनीच्या मस्टरवर आणि किती ठेकेदाराच्या? ठेकेदार एक की तीन? त्यांना सांगता येईना. दोघे तर म्हणाले की मस्टर कधी पाहिलेच नाही, सही कुठल्याशा वहीत करतो. मग पगाराची चिठ्ठी आणि त्या वहीवर छापलेले नाव आधी पाहून या, तोवर युनियनला नाव ठेवायची घाई करू नका, असे सांगितले. दिघीहून बोट आली होती. आम्ही उठलो.