शरीराची फौज

मुलांनो, मागच्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. आमच्या मुरुडच्या शाळेत आठवीतला एक मुलगा कबड्डी खेळताना पडला. त्याचा गुडघा चांगलाच खरचटला. त्याने जखमेवर रुमाल बांधला आणि तो पुन्हा खेळायला गेला. तिसऱ्या दिवशी तो लंगडत आला. गुडघा लाल होऊन सुजला होता आणि जखमेत पू झाला होता. मधल्या सुट्टीत तो माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "सर, मार लागला गुडघ्याला. मग जांघेत सुपारीएवढी गाठ कशी आली?"

अशा गाठीला आपल्याकडे अवधाण म्हणतात. तिची हकिगत मोठी गमतीची आहे.

आपल्या अवतीभोवती हवेत, पाण्यात, मातीत असंख्य जंतू असतात. ते शरीरात शिरू नयेत म्हणून बाहेरच बंदोबस्त असतो. कातडी म्हणजे शरीराचा कोट. नाकातले केस आणि शेंबूड धूळ अडवतात, डोळ्यांतील पाणी जंतूंना मारते आणि जठरातील आम्ल अन्नाबरोबर आलेल्या जंतूंचा समाचार घेते. पण गुडघा खरचटला म्हणजे कोटाला खिंडार पडले. तेथून जंतू आत घुसतात.

आत फौज तयारच असते. ही फौज म्हणजे रक्तातील पांढऱ्या पेशी. रक्ताच्या एका लहानशा थेंबातही त्या हजारोंनी असतात. जखम झाली की त्या भागातील रक्तवाहिन्या रुंदावतात, तिकडे जास्त रक्त धावते आणि पांढऱ्या पेशी रक्तवाहिन्यांतून बाहेर पडून जंतूंना गिळू लागतात. म्हणून जखमेची जागा लाल, गरम आणि सुजलेली दिसते. या लढाईत लाखो पेशी मरतात. पू म्हणजे दुसरे काय? मेलेले शिपाई आणि मेलेले जंतू!

आता गाठीकडे वळू. जांघेत, काखेत, मानेत लहान लहान लसिका ग्रंथी असतात. त्या या फौजेच्या चौक्या आहेत. गुडघ्याकडून आलेले जंतू जांघेतल्या चौकीवर अडवले जातात. तेथे आणखी शिपाई जमतात, त्यांची संख्या भराभर वाढते आणि चौकी फुगते. हेच अवधाण.

या चौकीत एक विशेष काम चालते. तेथे बी पेशी आणि टी पेशी असतात. प्रत्येक बी पेशीला एकाच प्रकारच्या शत्रूची ओळख पटते, जशी एका कुलपाला एकच किल्ली लागते. आलेल्या जंतूशी जिची किल्ली जुळली, तिच्या हजारो प्रती तयार होतात आणि त्या प्रतिपिंडे नावाचे पदार्थ बनवू लागतात. प्रतिपिंडे जंतूला चिकटतात, त्याला निकामी करतात किंवा 'याला धरा' अशी खूण करतात. काही टी पेशी बी पेशींना मदत करतात. काही टी पेशी, ज्या पेशींत विषाणू लपले आहेत, त्या पेशीच नष्ट करतात.

नव्या शत्रूसाठी ही सारी तयारी व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. तेवढ्यात जंतूंनी डाव साधला तर माणूस दगावतो. पण फौज जिंकली तर काही पेशी त्या शत्रूचा चेहरा वर्षानुवर्षे लक्षात ठेवतात. त्यांना स्मृतिपेशी म्हणतात. तोच जंतू पुन्हा आला की त्याचा लगेच फडशा पडतो. एकदा कांजिण्या झाल्या की त्या बहुधा पुन्हा होत नाहीत, त्याचे कारण हेच. (सर्दी मात्र पुन्हा पुन्हा होते, कारण तिचे विषाणू अनेक जातींचे आहेत.) या शक्तीला मराठीत रोगप्रतिकारशक्ती म्हणतात. तुम्ही उर्दूत तिला कुव्वत-ए-मुदाफअत म्हणता.

जांघेतल्या गाठीवरून जुन्या माणसांना एक भयंकर रोग आठवतो. तो म्हणजे गाठीचा ताप, अर्थात प्लेग. उंदरांवरील पिसू माणसाला चावली की जंतू जवळच्या चौकीत पोहोचतात. पण प्लेगचे जंतू फार कपटी असतात. ते गिळणाऱ्या पेशींच्या आतही जिवंत राहतात आणि चौकीच काबीज करतात. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली. लोक पटापट मरू लागले, लाखो माणसे शहर सोडून पळाली.

त्या वर्षी वॉल्डेमार हाफकिन हे शास्त्रज्ञ मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी काम सुरू केले. मांसाच्या रसात तुपाचे थेंब टाकून त्यांनी त्यात प्लेगचे जंतू वाढवले आणि मग उष्णता देऊन ते मारले. मेलेले जंतू रोग करू शकत नाहीत, पण त्यांचा चेहरा तोच असतो. फौजेला तो दाखवावा, म्हणजे खरा शत्रू येण्याआधीच ती तयार होईल, असा हा विचार होता. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ही लस प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. त्यांना ताप आला, टोचलेली जागा दुखली आणि मग ते बरे झाले.

तरी लोक घाबरत होते. मेलेले का होईना, रोगाचेच जंतू अंगात घालायचे! तेव्हा आगाखान तिसरे पुढे आले. त्यांचे वय तेव्हा वीस वर्षांच्या आसपास होते. त्यांनी हाफकिन यांना प्रयोगशाळेसाठी आपली इमारत दिली आणि आपल्या अनुयायांसमोर स्वतः लस टोचून घेतली. पुढे १८९९ मध्ये ही प्रयोगशाळा परळला गेली. १९२५ पासून तिला हाफकिन यांचेच नाव आहे. आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यात १९९४ मध्ये प्लेगचे रोगी आढळल्याची बातमी आली, तेव्हा इकडेही लोक तोंडाला रुमाल बांधून फिरत, असे आमचे अब्बा सांगतात. सुदैवाने आता प्लेगवर गुणकारी औषधे आहेत.

त्या मुलाला मी सरकारी दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी जखम धुतली आणि धनुर्वाताची लस टोचली. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात असतात. त्यांचे विष इतके जहाल असते की जीव घेण्याइतकी मात्राही फौजेला शिकवायला अपुरी पडते. म्हणून धनुर्वातातून वाचलेल्या माणसालाही लस घ्यावीच लागते. दहाव्या आणि सोळाव्या वर्षी ही लस देतात, ती याचसाठी.

परत येताना तो म्हणाला, "सर, माझी धाकटी बहीण नऊ महिन्यांची झाली. गोवराची लस द्यायची आहे, पण दादी नको म्हणते. ताप येतो म्हणे."

मी त्याला सांगितले, की तो ताप म्हणजे फौज जागी झाल्याची खूण आहे, आणि एक-दोन दिवसांत तो उतरतो. गोवर मात्र साधा नाही. २०२२ च्या अखेरीस मुंबईत त्याची साथ आली तेव्हा मुले दगावली. शिवाय गोवराचे विषाणू स्मृतिपेशींनाच मारतात. फौज पूर्वी शिकलेले पुष्कळ विसरून जाते आणि मूल इतर रोगांना सहज बळी पडते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात हे स्पष्ट दिसले.

दुसऱ्या दिवशी त्याने घरचा वृत्तांत सांगितला. दादीने सारे ऐकून घेतले. मग बाही वर सारून तिने आपल्या दंडावरचे दोन गोल व्रण दाखवले. ते देवीच्या लसीचे होते. १९७५ नंतर भारतात देवीचा रोगी झालेला नाही. "तेव्हा मलाही ताप आला होता," दादी म्हणाली, आणि बाळाचे लसीकरणाचे कार्ड कुठे ठेवले आहे ते सुनेला विचारू लागली.